मोतीखानचे वारस

मागच्या उन्हाळ्यात आमच्या झरी गावात एका म्हाताऱ्या कव्वालाचा इंतकाल झाला. सारा गाव त्यांना चाचा म्हणत असे, आम्हीही तेच म्हणू. चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या दारात भंगारवाल्याचा हातगाडा उभा राहिला. सकाळची शाळा होती, आम्ही घाईत निघालो होतो. चाचांच्या थोरल्या मुलाने आम्हाला रस्त्यातच थांबवले. म्हणाला, "सर, ये सामान का क्या करना? लोगां बोल रहे, घर में रखना अच्छा नै. तुम पढेलिखे हो, तुमीच बोलो."

सामान म्हणजे चाचांची वाद्ये. दोन तंबोरे, एक सारंगी, एक दिलरुबा, दोन बेंजो, एक मेंडोलिन, एक कलकत्त्याची हवाइयन गिटार आणि एक एकतारी. मोजून नऊ. झरीसारख्या गावात एका माणसाकडे नऊ तंतुवाद्ये असणे ही लहान गोष्ट नव्हे. चाचा श्रीमंत नव्हते. उरूस, संदल, लग्नातली कव्वाली आणि उरलेल्या दिवसांत शिलाई मशीन, एवढ्यावर त्यांचे घर चालले. मग ही वाद्ये आली कुठून? आसपासचा एखादा वाजवणारा गेला, की त्याच्या घरचे लोक त्याचे वाद्य चाचांकडे आणून देत. कोणी शंभर रुपये मागे, कोणी नुसता चहा पिऊन जाई. सारंगी जिंतूरकडच्या एका साजिंद्याची होती. गिटार परभणीच्या एका बँडवाल्याची. मोठा तंबोरा मिरजेचा, एवढेच चाचा सांगत. तो कोणी बनवला आणि कोणाच्या हातून इकडे आला, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाहून फेब्रुवारीत परतले, की चाचा एक दिवस सगळी वाद्ये अंगणात मांडत आणि तेलाच्या फडक्याने पुसत. वाजवत मात्र फक्त बेंजो. बाकीची वाद्ये त्यांनी मेलेल्या दोस्तांची अमानत म्हणून ठेवली होती.

आम्ही त्या मुलाला काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "तुम्हारे घर का मामला है, हम क्या बोलें?" आणि शाळेत निघून गेलो. दुपारी परतलो तेव्हा गाडा गेलेला होता. पितळी तारा वेगळ्या, लोखंडी तारा वेगळ्या, किलोच्या भावाने गेल्या. लाकूड स्टँडवरच्या हॉटेलच्या भट्टीत गेले. तंबोऱ्याचा भोपळा पोरांनी लाथेने फोडला होता, त्याच्या खापऱ्या नालीत पडल्या होत्या.

हा लेख म्हणजे त्या सकाळी आम्ही न दिलेले उत्तर आहे. उशिरा दिलेल्या उत्तराने भोपळा सांधत नाही, हे आम्ही जाणतो. पण असा गाडा उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या मोहल्ल्यात उभा राहणार आहे. तेव्हा तिथला मास्तर तरी गप्प बसू नये, यासाठी हे लिहीत आहोत.

आता एक दुसरी गोष्ट सांगतो. डेव्हिड गिल्मर नावाचे एक इंग्रज गिटारवादक आहेत, ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचे. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी २० जून २०१९ रोजी न्यू यॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने विकायला काढल्या. सगळ्या मिळून सुमारे दोन कोटी पंधरा लाख डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या भावाने जवळपास दीडशे कोटी रुपये. त्यांची एकच काळी ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ही सारी रक्कम गिल्मर यांनी पर्यावरणासाठी कायद्याची लढाई लढणाऱ्या ‘क्लायंटअर्थ’ या संस्थेला देऊन टाकली.

वाचक म्हणतील, कुठे ते आणि कुठे झरीचा कव्वाल! पैशाची तुलना आम्ही करतच नाही. चाचांच्या नऊ वाद्यांना बाजारात फार काही आले नसते, हे आम्हालाही कळते. आमचे लक्ष गेले ते त्या लिलावाच्या यादीकडे. त्या यादीत गिटारीपुढे ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बनली, तिचा क्रमांक काय, ती कोणत्या गाण्यात वाजली, तिचा कोणता भाग बदलला, हे सारे लिहिलेले होते. ०००१ क्रमांकाची एक पांढरी स्ट्रॅटोकास्टर १८ लाख १५ हजार डॉलरला गेली. तिच्या किमतीत त्या चार आकड्यांचा वाटा मोठा आहे. नोंद होती म्हणून मोल आले.

आणि ही गिटार ज्याच्या नावाने ओळखली जाते तो लिओ फेंडर कोण होता? कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारा कारागीर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरीही आज जगभर वाजवणाऱ्याच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. आपल्याकडे वाद्य बनवणाऱ्याचे नाव कोण घेतो?

मिरजेचे उदाहरण घ्या. मिरजेतले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे, मुसलमान कारागीर. तलवारीचे दिवस सरले, रोजी गेली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिराने आपले हात तंतुवाद्यांकडे वळवले. पटवर्धन संस्थानिकांचा त्याला आश्रय मिळाला. ज्या हाताने लोखंडाला धार काढली जात होती, त्याच हाताने भोपळ्यातून सूर काढायला सुरुवात झाली. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर पडले. आज त्यांच्या कित्येक पिढ्या या कामात गेल्या आहेत.

हे काम कसले आहे, ते आमच्या वाचकांना ठाऊक असावे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून भोपळा येतो. तो चांगला वाळवावा लागतो. आकाराने मोठा, सालीने जाड आणि निकोप असा भोपळा शंभरात थोडेच निघतात. तूनच्या लाकडाची दांडी, तिच्यावर खुंट्या, भोपळ्याच्या तोंडावर तबली, तबलीवर हाडाची किंवा शिंगाची घोडी. या घोडीचा माथा घासून त्याला असा हलकासा उतार द्यायचा, की तार तिला जाता जाता नुसती स्पर्श करून जाईल. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा आणि तो नेमक्या जागी थांबवायचा. तेव्हा कुठे तंबोरा बोलतो आणि एका तारेतून अनेक सूर ऐकू येतात. याला जवारी म्हणतात. ती मापपट्टीने लावता येत नाही, कानाने लावावी लागते. थोडे जास्त घासले की घोडी गेली. बापाच्या शेजारी वर्षानुवर्षे बसल्याशिवाय हा कान तयार होत नाही.

याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) येऊन राहिले. कैराना गावचा हा माणूस महाराष्ट्राचा झाला, आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या आठवणीने तिथे दर वर्षी गाण्याचा उत्सव होतो. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. १९५३ पासून पुण्यात जो सवाई गंधर्व महोत्सव भरतो, त्याची नाळ अशी एका दर्ग्यापर्यंत जाते. रसिक मंडळी गायकाकडे पाहतात. आमची विनंती एवढीच, की गायकाच्या मागे जे दोन तंबोरे धरलेले असतात, त्यांच्याकडेही कधी पाहावे आणि ते कोणाच्या हातचे आहेत हे विचारावे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला आनंद झाला. पण मानांकन गावाला मिळते. ज्या बापाने मुलाला घोडी घासायला शिकवले, त्याचे नाव लिहायचे राहिले ते राहिलेच.

संग्रह करणाऱ्यांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. बंगालचे सौरींद्रमोहन टागोर स्वतः संगीताचे जाणकार. त्यांनी १८७६ साली सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजाला भेट दिली आणि त्यातून ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाची पायाभरणी झाली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे आणि वाद्ये जमवली आणि १९७५ साली सारे शासनाच्या स्वाधीन केले. ही माणसे नसती तर कितीतरी वस्तू आमच्या चाचांच्या तंबोऱ्याच्या वाटेने गेल्या असत्या. पण संग्रह करणाऱ्याचे नाव उरते आणि घडवणाऱ्याचे हरवते, हे चित्र आम्हाला सलते. एकदा शाळेची सहल घेऊन आम्ही एका शहरातले संग्रहालय पाहायला गेलो. काचेमागे सतार होती. खाली पाटी होती: सतार, लाकूड व भोपळा. आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, ये बनाया कौन?" आम्ही पाटी पुन्हा वाचली. लाकडाचे नाव होते, भोपळ्याचे होते, माणसाचे नव्हते.

नाव हरवले की त्या जागी दंतकथा येऊन बसते. सतार अमीर खुसरोंनी शोधली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि वर्गात सांगतही आलो. खुसरो तेराव्या-चौदाव्या शतकातले. संशोधक मात्र अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या खुसरो खाँ नावाच्या वादकाकडे बोट दाखवतात. एका मोठ्या शायराच्या सावलीत एक खराखुरा कलावंत दिसेनासा झाला. अभिमानासाठी आम्हाला मोठे नाव हवे होते, म्हणून खऱ्या नावाची आम्ही चौकशीच केली नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

आता घरातल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘घर में रखना अच्छा नै’ असे त्या मुलाला सांगितले गेले. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. वाद्यांबाबत बऱ्याच उलेमांचे मत कडक आहे, हे आम्हाला माहीत आहे आणि ते आम्ही झाकून ठेवत नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी आपल्या ‘इह्या’ ग्रंथात समा म्हणजे गाणे ऐकणे या विषयावर सबंध प्रकरण लिहिले. अटी घालून त्यांनी समा जायज मानला, पण तंतुवाद्यांना मनाई केली. हे आमच्या विरोधात जाते. परंतु त्यांनी कारण काय दिले, तेही वाचावे. ही वाद्ये त्या काळी दारूच्या बैठकींची खूण होती. दारूपाठोपाठ तिची खूणही मना झाली. म्हणजे आक्षेप संगतीवर होता. तारेच्या नादात गोडवा आहे म्हणून ती वाईट, असे त्यांनी म्हटले नाही. आता चाचांच्या अंगणात कोणती दारू होती? मेलेल्या दोस्तांची आठवण होती आणि तेलाचे फडके होते.

आणि आपल्या मराठवाड्याचे काय? दौलताबादेजवळ खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. निजामुद्दीन औलियांचे हे खलिफा, १३३७ साली त्यांचा विसाल झाला. समावर त्यांचे प्रेम इतके प्रसिद्ध होते, की त्यांच्या मुरिदांची त्या बाबतीत वेगळी ओळख पडली. दखनमध्ये इस्लाम ज्यांच्या पावलांनी लोकांच्या दारापर्यंत आला, त्यांच्यातला हा एक मोठा बुजुर्ग. त्यांना जे ऐकावेसे वाटले, ते ऐकणाऱ्याच्या घरातली तार आज नापाक कशी ठरते?

थोडे खाली विजापूरला जाऊ. दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा स्वतः वाजवणारा, गाणारा सुलतान. त्याने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हे संगीतावरचे पुस्तक लिहिले आणि त्यात सरस्वतीचीही स्तुती केली. या सुलतानाने आपल्या तंबोऱ्याचे नाव ठेवले होते मोतीखान. हत्तीला नाव ठेवावे, घोड्याला ठेवावे, तसे त्याने वाद्याला ठेवले. चारशे वर्षांनी आम्हाला त्या तंबोऱ्याचे नाव माहीत आहे, कारण त्याने ते लिहून ठेवले. आमच्या घरात जी दखनी बोलली जाते, तिच्यातच ते लिहिलेले आहे. आम्ही मोतीखानचे वारस, आणि आम्ही काय केले? मोतीखानच्या भाईबंदाला भट्टीत घातले.

आम्हाला गंमत वाटते ती एका गोष्टीची. औरंगजेबाच्या काळात संगीताचा जनाजा निघाला आणि बादशहा म्हणाला की खोल पुरा, ही कहाणी दोन प्रकारचे लोक फार आवडीने सांगतात. मुसलमानांनी या देशातली कला मारली, असे म्हणणारे सांगतात. आणि पाहा, खरा दीनदार बादशहा कसा असतो, असे म्हणणारे आमच्यातलेही सांगतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे इथे एका ताटात जेवतात. कॅथरीन ब्राऊन (आताच्या स्कोफिल्ड) या संशोधक बाईंनी २००७ साली या कहाणीची तपासणी केली. बादशहाने स्वतः गाणे ऐकणे सोडले हे खरे. पण साऱ्या मुलखात संगीतबंदी झाली, याला आधार मिळत नाही. उलट त्याच्याच कारकिर्दीत संगीतावर फारसी ग्रंथांची रेलचेल झाली. फकीरुल्लाहचा ‘रागदर्पण’ त्याच काळातला. तेव्हा औरंगजेबाचे समर्थन आम्हाला करायचे नाही, विरोधही इथे करायचा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या जनाज्याची मिरवणूक दोन्ही बाजू काढत आहेत, त्यातल्या मय्यतीचा चेहरा तरी कोणी पाहिला आहे का?

व्यासपीठावरच्या मंडळींनाही दोन शब्द. राष्ट्रीय एकात्मतेचे भाषण असले, की अब्दुल करीम खाँ, बिस्मिल्ला खाँ, बडे गुलाम अली खाँ अशी नावांची माळ ओवली जाते. टाळ्या पडतात. भाषण संपल्यावर गावातल्या कव्वालाला रात्री दोन वाजता सुमोच्या टपावर वाद्य बांधून घरी जावे लागते. मेलेल्या उस्तादांची नावे घेणे सोपे असते. त्यांना पेन्शन द्यावी लागत नाही, त्यांची सारंगी दुरुस्त करून द्यावी लागत नाही. आम्ही महाराष्ट्रात पाहुणे आहोत काय, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. उत्तर द्यायचा आम्हाला कंटाळा आला आहे. ज्या तंबोऱ्यावर मराठी माणसाचा ‘सा’ लागतो, तो पाहुण्यांनी बनवलेला नाही.

राहिलो आम्ही स्वतः. आमचे हे भांडण शेवटी आमच्याशीच आहे. बी.एड.ला असताना ‘बालकाच्या परिसरातून शिक्षण’ या प्रश्नावर आम्ही दहा गुणांचे उत्तर लिहिले होते आणि चांगले गुण मिळवले होते. नोकरी लागली. वेळापत्रकात कलेचा तास होता, आम्ही त्या तासाला गणित घेतले. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, मोहल्ला खूश. शाळेपासून हाकेच्या अंतरावर नऊ तंतुवाद्ये भिंतीला टांगलेली होती, ती वाजवणारा माणूस जिवंत होता, आणि एकदाही आम्ही आमच्या पोरांना त्या अंगणात नेले नाही. का नेले नाही? लोक काय म्हणतील, याची भीती. ‘सर बच्चों को गाना-बजाना सिखा रहे’ असे शुक्रवारी नमाजेनंतर कोणी म्हटले असते, तर आमच्या पोटात गोळा आला असता. मौलवींना दोष देणे सोपे आहे. मौलवी त्या दारात उभे नव्हते, आम्ही उभे होतो. त्या मुलाला परवानगी नको होती. कोणीतरी ‘थांब’ म्हणावे, एवढेच त्याला हवे होते. नाहीतर त्याने भंगारवाल्याला थांबवून ठेवून आम्हाला कशाला विचारले असते?

आणि ढोंग तरी किती! त्याच गल्लीतल्या वरातीत डीजे लागतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात, कोणी काही बोलत नाही. मोबाइलवर चोवीस तास गाणी वाजतात. त्या गाण्यांत गिटार आहे, सतार आहे, सारे आहे. नको आहे ते फक्त वाजवणारा माणूस आणि त्याच्या हातातले लाकूड. म्हणजे गाणे आम्हाला चालते, त्याची मेहनत चालत नाही. मेहनत करणाऱ्याला आम्ही हलका समजतो. मिरासी, बँडवाला, कव्वाल यांच्या घरी सोयरीक करताना आमची जी नाके मुरडतात, तिथे दीनचा काही संबंध नाही. ती जातपात आहे आणि तिला आम्ही धर्माचा बुरखा घातला आहे.

कोणी म्हणेल, आमच्या समाजापुढे रोजगाराचे, शिक्षणाचे, सुरक्षिततेचे प्रश्न असताना हे कसले तंबोऱ्याचे रडगाणे? आम्ही उलट विचारतो. शिकलगारांची तलवार गेली तेव्हा त्यांच्या पोराबाळांना भाकरी कोणी दिली? याच भोपळ्याने दिली. हुन्नर हा रोजगारच असतो. आणि ज्या समाजाला आपल्या हातांची नावे सांगता येत नाहीत, त्याच्याबद्दल बाहेरचा माणूस वाटेल ते सांगून जातो.

म्हणून आमच्या सूचना अगदी साध्या आहेत, त्यांना सरकारी मंजुरी लागत नाही. ज्यांच्या घरात एखादे जुने वाद्य आहे, त्यांनी ते वजनावर विकू नये. वाजवणारा नसेल तर वाजवणारा शोधावा; तंबोरा नुसता टांगून टिकत नाही, त्याला हात लागावा लागतो. भोपळा तडकला, घोडी झिजली, तरी मिरजेत आजही दुरुस्ती होते. उर्दू शाळांतल्या आमच्या भावाबहिणींनी एक साधी वही घालावी. तिच्यात चार रकाने: वाद्य कोणते, बनवले कोणी, वाजवले कोणी, आता आहे कुठे. मुलांना मोहल्ल्यात पाठवावे, म्हाताऱ्यांना विचारायला सांगावे. भाषेचा तासही होईल, इतिहासाचाही होईल. गाणे शिकवा, असे आम्ही म्हणतच नाही. ज्यांना ते मान्य नाही, त्यांनी नावे तरी लिहावीत. नाव लिहिण्याला कोणत्या मसलकात मनाई आहे?

ही वही आम्ही या जूनमध्ये सुरू केली. शाळा उघडल्यावर चाचांचा नातू, जो आमच्याच वर्गात आहे, खिशातून एक हाडाची पट्टी घेऊन आला. भट्टीकडे लाकूड जाताना ती खाली पडली होती, त्याने उचलून ठेवली होती. "सर, ये दादा के तंबूरे का है. काहे का है ये?" ती घोडी होती. मधोमध तारांचे चार बारीक चरे होते. जवारी म्हणजे काय, हे आम्ही त्याला फळ्यावर आकृती काढून सांगितले. सबंध वर्ग ऐकत होता. गणिताचा तास होता, तो राहिला.

मग आम्ही वहीत पहिली नोंद केली. वाद्य: तंबोरा. बनवले कोणी: मिरजेचे कारागीर, नाव माहीत नाही. वाजवले कोणी: नाव माहीत नाही; सांभाळले झरीच्या चाचांनी. इथे आम्ही त्यांचे पूर्ण नाव लिहिले. शेवटचा रकाना होता, आता आहे कुठे. नातू आमच्या तोंडाकडे पाहत होता. काय झाले ते आम्ही खरे ते लिहिले आणि खाली स्वतःची सही केली.

आपल्या गावात ही वही सुरू होईल, तेव्हा तिचा शेवटचा रकाना असा भरावा लागू नये, एवढीच दुआ.